नळीतल्या टमाट्यांना दिलेला ताण

आमच्या भागात पावसाळ्यात शेतातून परतणाऱ्या माणसाची चप्पल हातात असते. पायात ठेवली तर ती काळ्या मातीतच राहते. अशा गावातल्या पोरांना मातीशिवाय शेती कशी करायची हे शिकवायचं काम नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्या वाट्याला आलं. मी मध्य प्रदेशातल्या सौसर तालुक्यातल्या एका सरकारी हायस्कूलची विज्ञानाची मॅडम. रामाकोन्याहून फार लांब नाही ते गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथला पालक चांगला असतो आणि त्याची उगाच बदनामी व्हायला नको.

या दिवाळी अंकासाठी ‘आपल्या प्रदीर्घ सेवेविषयी’ लिहा, असा निरोप आला तेव्हा मी जरा घाबरलेच. प्रदीर्घ सेवेत मी मुख्यतः फळ्यावर हृदयाची आकृती काढली. दर वर्षी डावीकडचं उजवीकडे गेलं आणि दर वर्षी पोरांनी ते तसंच उतरवून घेतलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखं जे घडलं ते एका पांढऱ्या नळीत घडलं.

नळी आली जुलैत. टेम्पोतून लोखंडी स्टँड उतरला, भोकं पाडलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या उतरल्या, एक टाकी, एक पंप, जाळीचे कप आणि खताच्या पाण्याच्या दोन बाटल्या. एकीवर ए, दुसरीवर बी. सोबत शहरातून एक ट्रेनर आला होता, कोरा टीशर्ट घातलेला. त्यानं पोरांना व्हरांड्यात बसवलं आणि हिंदीत सांगितलं की माती ही घाण वस्तू आहे, तिच्यात रोग असतात, भविष्यात शेतीला माती लागणारच नाही. मग त्यानं एक खोकं उघडलं. रोपाला आधार द्यायला कपात गोळे भरतात, ते त्यात होते. गोळे कशाचे, असं मी विचारलं. भाजलेल्या मातीचे, तो म्हणाला. पोरं हसली. ट्रेनरला ती कशाला हसली ते कळलं नाही.

“सर, ह्याच्यात कपाशी होते का?” मागून एकानं विचारलं.

“लेट्यूस होता है,” ट्रेनर म्हणाला.

“अन् संत्रा?”

“लेट्यूस,” तो पुन्हा म्हणाला आणि दुपारच्या गाडीनं निघून गेला.

आता ही शेती म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. झाडाला माती लागत नाही, हे खरंच आहे. त्याला लागतं पाणी, हवा, ऊन आणि पाण्यात विरघळलेले क्षार. मातीत ते क्षार मुळं शोधून घेतात. इथं आपण ते पाण्यात मोजून टाकतो आणि पंपानं ते पाणी नळीतून सारखं फिरवत ठेवतो. मुळं त्यात लोंबतात. पाणी किती आंबट किंवा किती खारट झालं ते रोज तपासायचं, पंप बंद पडू द्यायचा नाही, बस. पाणी वाया जात नाही, जागा कमी लागते. वाईट विद्या अजिबात नाही. वाईट एवढंच होतं की ती ज्यांनी पाठवली त्यांना ती येत नव्हती, आणि ज्यांना पाठवली त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी आमच्या प्राचार्य सरांनी फोटोसाठी ए आणि बी या दोन्ही बाटल्या एकाच मगमध्ये ओतल्या. क्षणात मगात दह्यासारखा पांढरा साका झाला. फोटो छान आला. मी मात्र तो मग तसाच वर्गात नेला आणि सांगितलं, दोन क्षार घट्ट अवस्थेत एकत्र आले की तिसरा, न विरघळणारा पदार्थ तयार होतो, म्हणून आधी भरपूर पाण्यात एक टाकायचा, मग दुसरा. एवढ्या वर्षांत ‘अवक्षेप’ हा धडा मला इतका सोपा कधीच गेला नव्हता. सरांना मी हे सांगितलं नाही. त्यांना वाटलं त्यांचं कौतुक चाललंय.

पहिलं पीक लेट्यूसचं. कोवळी, कुरळी पानं आली. ती खायची कशी हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरांनी ती घरी नेली. दुसऱ्या दिवशी दहावीतली निशा सांगायला आली.

“मॅडम, मायनं बेसन लावून केली भाजी. कढईत टाकली अन् पाणीच झालं. बकरीले देली तं बकरीबी वास घेऊन बाजूले सरकली.”

ही निशा लक्षात ठेवा. तिची माय वच्छलाबाई दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायची, कापूस वेचायची, संत्र्याच्या बगिच्यात तोडीला जायची, आणि नाल्याकाठच्या तुकड्यात घरापुरता भाजीपाला लावायची. निशा हुशार होती, पण तिचा हुशारपणा त्रासदायक होता. पाठ करून दाखवणाऱ्या पोरी शिक्षकाला आवडतात. ही पाठ करायची नाही, विचारायची.

लेट्यूसनंतर लावलेल्या रोपांची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. निशानं ते पान उन्हात धरलं आणि म्हणाली, “मॅडम, हे तं संत्र्यासारखं होऊन राहिलं. बगिच्यातबी असंच पडते.” मी चमकले. दोन्हीकडे रोग एकच होता, लोह मिळत नाही हा. लोह असतं, पण पाणी किंवा जमीन अल्कधर्मी असली की मुळांना ते उचलता येत नाही. मी पोरांना आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीत आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ठेवायला जागा राहिली नाही. प्रत्येक बाटलीवर बापाचं नाव. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या विहिरीचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीपेक्षा चांगलं निघावं, आणि दोन चुलतभावांचं तर त्यावरून व्हरांड्यात भांडण लागलं. त्या आठवड्यात मी खरी शिक्षिका होते, असं आजही वाटतं.

मग गावकरीच यायला लागले. एक म्हातारबुवा पिशवीभर संत्र्याची पानं टेबलावर ओतून बसले आणि म्हणाले, “रिपोर्ट द्या, मॅडम.” मी म्हटलं, ही शाळा आहे, दवाखाना नाही. तर म्हणतात, “मंग दवाखाना कुठी हाय ते सांगा.” त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आमची शाळा दहावीपर्यंतच होती. अकरावीसाठी सौसरला जावं लागे. पोरं जायची. पोरींचं असं होतं की बस संध्याकाळी उशिरा परतायची, आणि पोरगी अंधारात उतरते म्हटलं की घरातले सगळे एकदम जागे व्हायचे. दर वर्षी दहावीच्या निकालानंतर माझ्या चांगल्या चांगल्या पोरी कापसात दिसायच्या. वच्छलाबाईनं मला सरळ सांगितलं होतं, “गावात अकरावी आली तं शिकवीन, मॅडम. तिले जे शिकाचं ते शिकू दे. पण बशीनं नाई धाडत.” निशाला जीवशास्त्र घ्यायचं होतं. गावात अकरावी यायला हवी होती, आणि ती जुलैपर्यंत यायला हवी होती. बाकी सगळं नंतर.

डिसेंबरात प्राचार्य सर खुशीत आले. नव्या वर्षी पाहणीसाठी पथक येणार होतं. शाळेत काही नवीन काम दिसलं, तर वरचे वर्ग मिळायला ते उपयोगी पडेल, असं त्यांना कोणीतरी फोनवर सांगितलं होतं. सरांनी जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलला आणि उरलेली जबाबदारी माझ्यावर टाकली.

तेव्हा नळ्यांत टमाटे होते. झाडं माजली होती नुसती. दाट हिरवी, खांद्याला लागणारी, आणि फूल एक नाही. ए बाटलीतला पाला वाढवणारा क्षार जरा जास्त झाला होता, चूक माझीच. पोरं रोज वाकून फूल शोधायची. तेवढ्यात हिवाळी सुट्टी लागली आणि पंपावर लक्ष ठेवायचं काम मी निशाकडे दिलं. जाताना तिला सांगितलं, नोंदी ठेव, आणि कुठलाही प्रयोग मध्येच सोडायचा नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. संत्र्याचं झाड नुसतं पाल्यावर गेलं की आमच्याकडे त्याला ताण देतात. म्हणजे पाणी तोडतात. चांगलं महिना, दीड महिना झाडाला तहानलेलं ठेवतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. ताणाशिवाय बहार नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. आणि ताण देण्याचे दिवस नेमके डिसेंबरातच येतात.

सुट्टी संपवून आले तर नळ्यांवर टमाट्यांची वाळलेली गवतकाडी लोंबत होती. निशा शेजारी उभी होती.

“पंप बंद पडला?”

“नाई मॅडम. मीच बंद केला. ताण देला.”

मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. शहाणपणा कोणी सांगितला होता, इथपासून सुरुवात केली आणि परवा पथक येतंय, इथपर्यंत आले. ती रडली नाही. माझं बोलणं संपल्यावर तिनं प्रयोगवही पुढे केली. पान भरलेलं होतं. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून मजकूर हिंदीत होता. मराठीत असा:

‘उद्देश: टमाट्याला ताण देऊन बहार आणणे. साहित्य: टमाट्याची झाडे, पंपाचे बटण. कृती: बटण बंद केले. निरीक्षण: तिसऱ्या दिवशी सर्व झाडांनी माना टाकल्या, मग ती मेली. निष्कर्ष: ताण झाड एकटे सोसत नाही, माती त्याच्यासोबत सोसते. माती थोडे पाणी लपवून ठेवते आणि हळूहळू देते. नळी काहीच लपवून ठेवत नाही.’

खाली ‘तपासले’ लिहिलेलं आणि माझ्या सहीसाठी रेघ.

मी ते पान दोनदा वाचलं. त्या शाळेत झालेला तो एकमेव खरा प्रयोग होता. बाकी आम्ही सगळे उत्तर माहीत असलेले प्रयोग करत होतो. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, नंतर नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

मी तिला म्हणाले, “हे पान काढून टाक. साहेब वह्या बघतात.”

तिनं पट्टी लावून पान सरळ फाडलं, मला दिलं. मी ते पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाले, “तुमच्या वाडीत पालक आहे ना?”

हो, कल्पना माझीच होती. प्राचार्य सरांना ती सुचली असती तर आज मी त्यांची टर उडवली असती. पथक यायच्या सकाळी वच्छलाबाई टोपलंभर पालक मुळांसकट उपटून घेऊन आली. निशा आणि तिनं शाळेच्या हातपंपावर एकेक रोप धुतलं. “वढू नका मॅडम, मुळं तुटतीन,” वच्छलाबाई मला सांगत होती. “बादलीत धरा अन् पाणीच हालवा. माती आपोआप सुटते.” जेवढी सुटली तेवढी सुटली. आम्ही ती रोपं जाळीच्या कपात बसवली, वरून भाजक्या मातीचे गोळे टाकले आणि पंप सुरू केला. मातीशिवायची शेती तासाभरात उभी राहिली.

पथक आलं. मोठे साहेब वाकून बघत होते. “मिट्टी के बिना इतना हरा पालक! वाह. बेटा, कितने दिन लगे?”

“सर, पैंतीस,” निशा म्हणाली. पुढे तिनं पंप, क्षार, आंबटपणा, पाण्याची बचत असं सगळं घडाघडा सांगितलं. त्यात खोटं एवढंच होतं की ते या पालकाबद्दल होतं.

आणि फोटो काढताना एका कपातून एक लठ्ठ गांडूळ बाहेर आलं, नळीवरून रमतगमत चाललं आणि साहेबांच्या बोटाजवळ येऊन थांबलं.  प्राचार्य सरांनी डोळे मिटले, बहुतेक नारळांची संख्या वाढवली असेल.

“ये क्या है?” साहेबांनी विचारलं.

“सर, ऑर्गेनिक,” निशा म्हणाली.

“अच्छा, अच्छा,” साहेब म्हणाले, आणि बरोबरच्या माणसानं ते लिहून घेतलं.

गाड्या गेल्यावर पोरं इतकी हसली की काही जण जमिनीवर बसले. मीही हसले. निशा तेवढी माझ्याकडे बघत होती. “बरोबर बोलली ना मी, मॅडम?” मी म्हटलं, “एकदम बरोबर.” तिला मी दिलेली ती शेवटची शाबासकी.

पत्र एप्रिलमध्ये आलं. शाळेचं अभिनंदन, शाळा आदर्श ठरली, आणि बक्षीस म्हणून नळ्यांचा आणखी एक संच. अकरावीबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. मी पांढुर्ण्याला गेले. जिल्हा नवा, ऑफिस नवं, खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तिथल्या बाबूनं यादी काढली आणि प्रेमानं समजावलं. “मॅडम, वरचे वर्ग गरजू शाळांना देऊन राहिले. ज्या शाळांत काहीच नाही, त्या. तुमची तं आदर्शात हाय. तुमाले काय कमी हाय जी?”

मी तिथं उभी राहून त्याला सांगू शकले असते की टमाटे मेले होते, पालक नाल्यावरचा होता, आमच्याकडे सगळंच कमी आहे. तसं सांगितलं असतं तर कदाचित गरजूंच्या यादीत आमचं नाव आलं असतं. कदाचित माझी चौकशीही लागली असती, आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मी “बरं” म्हटलं आणि बसस्टँडवर आले.

निशा दहावीला शाळेत पहिली आली. वच्छलाबाई शब्दाची पक्की निघाली. गावात अकरावी आली नाही, तिनं पोरीला बसनं पाठवलं नाही. दोनदा मी घरी गेले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “मॅडम, तुमी सांगतलं तसं केलं आमी. पालकबी देला.” त्यानंतर मी गेले नाही.

मी निवृत्त झाले, सौसरला राहते. गेल्या वर्षी शाळेनं शाश्वत अन्नावर कार्यक्रम ठेवला आणि मला ‘या उपक्रमाच्या जननी’ म्हणून बोलावलं. शाल, नारळ, हार. दोन्ही संचांवर पालक तजेलदार उभा होता. पाहुण्यांची भाषणं चालू असताना मी सवयीनं एक कप उचलून खालून पाहिला. मुळांच्या गुंत्यात काळी माती.

“ठेवा मॅडम, खाली ठेवा,” कोणीतरी हळूच म्हणालं. नळीमागे निशा उभी होती, कोपरापर्यंत हात ओले, थंडीनं लाल झालेले. “यावेळेस धुवायले टाइमच नाई भेटला. सकाळी सहाले फोन केला शाळेवाल्यांनी.”

मला हळूहळू कळलं. पाहणी असली, पाहुणे असले की शाळा तिलाच बोलावते. रोपं न कोमेजता मुळं धुवायची हातोटी तिच्याइतकी कोणालाच नाही. एरवी ती मायसोबत कापसात, संत्र्यात जाते. शाळेनं तिला शिकवलेल्या गोष्टींपैकी कामाला आली ती ही एक, आणि मायची हातोटी अशी वापरायला शिकवणारी मी. मी कप खाली ठेवला. माझं नाव पुकारलं गेलं आणि मी जाऊन पाणीबचतीवर बोलले. टाळ्या चांगल्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी जुन्या पर्समधलं ते पान घेऊन मी तिच्याकडे गेले. ती अंगणात कापडाच्या पट्ट्या फाडत बसली होती, झाडांना बांधायला लागतात त्या. पान हातात दिलं.  म्हणाले, “तुझं आहे. मी तेव्हा सही करायला हवी होती. माझं चुकलं, निशा.”

तिनं उभ्यानं वाचलं.  मग कपाळाला आठी पडली.

“मॅडम, हे चूक हाय.”

“काय?”

“तिसऱ्या दिवशी नाई टाकल्या त्यायनं माना. पह्यल्याच दिवशी, सांजच्या पारी माना टाकल्या होत्या. तवा बटण दाबलं असतं तं वाचले असते. मी दाबलं नाई. तुमी म्हणलं होतं ना, प्रयोग मधात सोडाचा नाई.” तिनं निरीक्षणाच्या ओळीवर बोट ठेवलं. “दोन दिवस बसून पाह्यले मी ते मरतांनी. मंग तुमी बोलसान म्हणून तिसरा दिवस लिवला.”

वच्छलाबाई आतून चहाचं विचारत होती. 

निशानं माझ्या पर्सला लावलेलं पेन काढून घेतलं. खाली बसून पान गुडघ्यावर ठेवून ‘तिसऱ्या’वर काट मारली, वर नीट अक्षरात ‘पहिल्या’ लिहिलं, एकदा पुन्हा सगळं वाचून पाहिलं आणि पान, पेन दोन्ही माझ्यापुढे धरलं.

“हां. आता तपासा, मॅडम.”